यंत्र नाही, तबकडी नाही, मग ही विज्ञानकथा कशी?

तळटीप (धागाकर्ती)

गेल्या रविवारी आमच्या कोथरूडच्या वाचनकट्ट्यावर जवळजवळ भांडण झालं, म्हणून हा धागा. महिन्यातून एकदा आठ-दहा जण कुणाच्या तरी घरी जमतो, पोहे खातो, पुस्तकावर बोलतो. या वेळी पुस्तक निवडायची पाळी माझी होती. मी ऑक्टेव्हिया बटलर यांचं 'किन्ड्रेड' (१९७९) दिलं.

वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७६ साल, कॅलिफोर्निया. डेना नावाची कृष्णवर्णीय लेखिका गोऱ्या नवऱ्याबरोबर नव्या घरात पुस्तकं लावतेय. त्या दिवशी तिचा सव्विसावा वाढदिवस. अचानक घेरी येते आणि डोळे उघडतात तेव्हा ती नदीकाठी असते, समोर एक गोरा पोरगा बुडतोय. ती त्याला बाहेर काढते. काळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, मुलूख मेरीलँड, गुलामगिरीचा. हा पोरगा तिचा पूर्वज. मोठेपणी तो काय काय करणार आहे हे कळत गेलं तरी प्रत्येक वेळी त्याला वाचवायला तीच खेचली जाते. तो अकाली मेला तर तिची वंशवेलच उगवणार नाही.

कशी जाते, का जाते, शेवटपर्यंत खुलासा नाही. यावर कट्ट्यावरचे एक निवृत्त इंजिनियर काका उखडले. "यंत्र नाही, समीकरण नाही, ही भानामती आहे!"

माझ्या डोक्यातून मात्र एक साधी गोष्ट जात नाहीये. एकदोन फेऱ्यांनंतर डेना सुरी आणि बारीकसारीक सामान पिशवीत भरते आणि ती दोरीनं अंगाला बांधून स्वतःच्या घरात वावरते. कधी ओढली जाईल नेम नाही ना.

तर, ही विज्ञानकथा म्हणायची का? आणि आफ्रिकेतल्या किंवा आफ्रिकन वंशाच्या मंडळींचं या धाटणीचं अजून काय वाचावं, बघावं? पुढच्या महिन्याचं पुस्तकही मलाच द्यायचंय. शिक्षा म्हणून.

शंकासूर

काकांशी सहमत. कालप्रवास दाखवायचा तर थातूरमातूर का होईना, कारण द्या. 'टाइम मशीन'वाल्या एच. जी. वेल्सनं निदान बसायला खोगीर आणि ओढायला दोन दांडे तरी दिले होते.

तळटीप

@शंकासूर, गंमत म्हणजे खुद्द बटलरबाईही हेच सांगायच्या. यात विज्ञान नाही, ही भीषण अशी अद्भुतकथा आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे काका बरोबर.

शंकासूर

मग धागा संपला की. दिवे मालवा.

पद्माकाकू

संपला कसा? आत्ता कुठे चहा टाकलाय.

गावठी_मास्तर

काकूंच्या चहाला मान देऊन थोडं लांबण लावतो.

मुळात 'हे विज्ञान आणि ही भुताटकी' असे दोन कप्पे करून वाचायची सवय आपल्याला शाळेनं लावलीय. पश्चिम आफ्रिकेतल्या कथनाला ते कप्पे ठाऊकच नाहीत. एमॉस टुटुओला यांचं 'द पाम-वाइन ड्रिंकार्ड' वाचा, १९५२ सालचं. नायकाचं काम एकच, ताडी पिणं. त्याचा ताडी काढणारा माणूस झाडावरून पडून मरतो. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती चव नाही. म्हणून हा पठ्ठ्या त्याला परत आणायला मेलेल्यांच्या गावाला निघतो.

वाटेत एका मुलीची गोष्ट येते. बाजारात एक देखणा, रुबाबदार गृहस्थ दिसतो आणि ती त्याच्या मागे चालू लागते. जंगलात शिरल्यावर तो एकेक अवयव ज्याचा त्याला परत देत सुटतो, भाडं चुकतं करून! पाय भाड्याचे, हात भाड्याचे, कातडीसुद्धा भाड्याची. शेवटी उरते नुसती कवटी, आणि ती टणाटण उड्या मारत पळणाऱ्या मुलीला गाठते. मी आठवीच्या ऑफ तासाला हे मराठीत सांगितलं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, म्हणजे सगळं इएमआयवर होतं."

टुटुओलांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीची त्या काळी नायजेरियातल्याच शिकल्यासवरल्या लोकांना लाज वाटायची. लंडनमध्ये कौतुक, घरी नाकं मुरडलेली. हे आपल्याला फार अनोळखी नसावं.

टिंबटिंब

इएमआयला __/\__

हळदीकुंकू_नको

मास्तर, गोष्ट झकास, पण ही तर लोककथा झाली. वेताळपंचविशीलाही विज्ञानकथा म्हणायचं का मग?

गावठी_मास्तर

म्हणू नका. पण उद्या कुणी वेताळाला सर्व्हरवर बसवून कादंबरी लिहिली तर तो वेताळ कुठून आला हे तरी ठाऊक हवं. नेदी ओकोराफोर या नायजेरियन-अमेरिकन लेखिकेच्या 'लगून'मध्ये (२०१४) परग्रहवासी लेगोसच्या बार बीचसमोर समुद्रात उतरतात. त्यांच्यासोबत पाण्यातले देव जागे होतात आणि महामार्ग जिवंत होऊन माणसं खातो. या सगळ्याला तिथे एकाच पंगतीत पान मांडलंय.

टिंबटिंब

महामार्ग माणसं खातो?? मुंबई-गोव्यावर कादंबरी आली आणि आम्हाला पत्ताच नाही!

पद्माकाकू

आमचा तर बारा वर्षं नुसता तोंड वासून पडलाय मेला.

निळी_शाई

चांगला धागा. मी जरा वेगळ्या दारानं येतो.

बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य त्यात नमूद केलंय. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. हे अनेकांना माहीत असतं. याच ड्यू बॉइस यांनी १९२० साली एक विज्ञानकथा छापली होती हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. तिचं नाव 'द कॉमेट'.

धूमकेतूच्या शेपटीतल्या विषारी वायूनं न्यूयॉर्क मरून पडतं. वाचतो बँकेचा एक काळा निरोप्या, जिम. का वाचतो? तर साहेबांनी त्याला खालच्या तळघरात पाठवलेलं असतं, जिथं दुसरं कुणी जायला तयार नसतं. वर येतो तो रस्ताभर प्रेतं. भूक लागते म्हणून एका उंची हॉटेलात शिरतो, वाढून घेतो, आणि त्याच्या मनात येतं की कालपर्यंत इथं आपल्याला कुणी वाढलं नसतं.

या एका वाक्यापाशी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्या आजोबांचा कप गावातल्या हॉटेलच्या बाहेरच्या कोनाड्यात असायचा. कान तुटलेला. पिऊन झाला की स्वतः विसळून पुन्हा तिथंच ठेवायचा. सगळं गाव मरून पडलं असतं तर आजोबा आत जाऊन बाकड्यावर बसले असते का, की सवयीनं कोनाड्याकडेच हात गेला असता?

पुढं जिमला एक श्रीमंत गोरी तरुणी भेटते. दोघंच उरलोत म्हटल्यावर रंग विरघळायला लागतो. तेवढ्यात कळतं की वायूनं फक्त न्यूयॉर्क मारलंय, बाकी जग शाबूत आहे. तिचे वडील येतात आणि जिम पुन्हा होता तिथं. जातिभेद जायला जगबुडी लागते आणि जगबुडी अर्धीच झाली तर तोही परत येतो, असा हिशेब १९२० साली मांडून ठेवलाय.

@शंकासूर, यात धूमकेतू आहे, वायू आहे. चालेल ना?

शंकासूर

चालेल. आणि कोनाड्याचं वाचून गप्प बसलोय.

रानभूल

निळी_शाई, __/\__. यावरून एक प्रश्न. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाचं नाव घेऊन. कविता आली, आत्मकथनं आली. मग विज्ञानकथा का नाही आली? तिकडे डेलनी, बटलर झाले. इकडे?

निळी_शाई

माझं मत, चूक असू शकेल. आधी जे घडलं ते लिहून काढायचं होतं. ते कुणी छापलंच नव्हतं, तर जे घडलं नाही ते कोण लिहिणार? बाकी संत रविदासांचं 'बेगमपुरा' आहेच. दुःख नाही, कर नाही, पहिला-दुसरा-तिसरा नंबर नाही असं शहर. विज्ञानकथा नसेल, पण नगररचना खात्याला पाठवण्यासारखं आहे.

सिनेमावेडा

लोक हो, 'ब्लॅक पँथर' (२०१८) सिनेमाबद्दल अजून कुणी बोललं कसं नाही? माझ्यासाठी आफ्रिकन साय-फाय म्हणजे त्यातला कल्पित देश, वकांडा. विषय संपला.

हळदीकुंकू_नको

तो डिस्नेचा. आफ्रिका फक्त कपड्यात.

सिनेमावेडा

कपड्यांनाच ऑस्कर मिळालंय, ताई. रूथ कार्टर यांना. शिवाय भाषा खरीखुरी आहे. वकांडावाले आपसात कोसा बोलतात, ती जिभेनं चटचट आवाज काढायची दक्षिण आफ्रिकेतली भाषा. जुन्या राजाचं काम करणारे जॉन कानी यांची ती मायबोली, त्यांच्यामुळे ती सिनेमात आली. आणि संग्रहालयाचा प्रसंग आठवा! काचेच्या कपाटातली कुऱ्हाड बघून खलनायक किलमाँगर तिथल्या संग्रहालयवाल्या बाईला विचारतो की तुमच्या पूर्वजांनी ही काय विकत घेतली होती का? इंग्रजांनी १८९७ साली बेनिन (आजच्या नायजेरियातलं) लुटलं तो सगळा इतिहास त्या एका प्रश्नात आलाय.

टिंबटिंब

२०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर...

संपादक_मावशी

वाघनखांवर चर्चा सुरू झाल्यास धागा कुलूपबंद केला जाईल. मागचा अनुभव आहे.

टिंबटिंब

पळा पळा.

पद्माकाकू

जाता जाता, त्या सिनेमात डोंगरावरची जमात हनुमानाचा जयजयकार करते. आपल्याकडे थिएटरात तेवढा शब्द मुका केला होता. नातू विचारत होता, "आजी, ते काका नुसते ओठ का हलवतायत?"

नैरोबीकर

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं नैरोबीत आहे, त्यामुळे थोडं इथून.

वकांडा इथेही तुफान चालला. पण आमच्या ऑफिसातल्या पोरांची एक तक्रार होती. सिनेमाच्या शेवटी वकांडाचा राजा आपलं पहिलं केंद्र उघडतो ते कुठे? अमेरिकेत, ओकलंडला! शेजारच्या देशात का नाही उघडलं? पुढे ओकोराफोरबाईंनी २०१९ मध्ये नेमका हाच दाखला देऊन फरक समजावला. 'आफ्रोफ्युचरिझम' हा शब्द मार्क डेरी या गोऱ्या अमेरिकन समीक्षकानं नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यासाठी काढला. बाईंचं म्हणणं, माझं लेखन त्यात बसत नाही. माझी मुळं आणि नजर दोन्ही आफ्रिकेत, म्हणून मला 'आफ्रिकनफ्युचरिझम' म्हणा. केंद्र शेजारच्या देशात उघडलं तर आफ्रिकन, ओकलंडला उघडलं तर आफ्रो. नाव बदललं की दुकानातलं शेल्फ बदलतं, म्हणून हा आग्रह.

आता शिफारस. वानुरी काहियू या केनियन दिग्दर्शिकेचा 'पुम्झी' (२००९). जेमतेम वीस मिनिटांचा. पुम्झी म्हणजे स्वाहिलीत श्वास. पाण्यावरून महायुद्ध होऊन पस्तीस वर्षं झालीत, माणसं बंदिस्त वस्तीत राहतात, घाम आणि मूत्रसुद्धा गाळून पुन्हा वापरतात. स्वप्न पडू नये म्हणून गोळी. संग्रहालयात काम करणाऱ्या आशाला कुठून तरी मातीचा नमुना येतो, ती त्यात एक बी टाकते आणि ते रुजतं. मग रोप घेऊन ती बाहेरच्या वाळवंटात पळते. त्या बीचं नाव 'माइतू', किकुयू भाषेत आई.

पहिल्यांदा बघितला त्या आठवड्यात आमच्या इमारतीला पाणी नव्हतं. खाली हातगाडीवाला पिवळे वीस-वीस लिटरचे कॅन घेऊन उभा. इथे त्या हातगाडीला म्कोकोतेनी म्हणतात. पाचव्या मजल्यावर कॅन चढवायचे वेगळे पैसे. सिनेमात आशा स्वतःच्या वाट्याचं शेवटचं पाणी रोपाला घालते तेव्हा माझ्या डोक्यात एकच, आता अंघोळीचं काय करणार ही?

गावठी_मास्तर

नैरोबीकर, मी लातूरचा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. पोरं रुळाशेजारी उभी राहून पाण्याच्या गाडीला टाटा करत होती. कुणी १९९० साली ही गोष्ट लिहिली असती तर संपादकानं 'कल्पनाविलास जास्त' म्हणून साभार परत केली असती.

शंकासूर

'पुम्झी' आत्ताच बघितला. आवडला, पण शेवट कळला नाही. म्हणजे कळला, पटला नाही. एक झाड लावून काय होणार?

नैरोबीकर

शंकासूर, केनियात झाडं लावायची चळवळ उभारणाऱ्या वांगारी मथाई यांना लोक तीस वर्षं हेच विचारत होते. :)

बेडकाचीउडी

एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेचं कुणीच काढलं नाही. 'द फिफ्थ सीझन' आणि पुढचे दोन भाग. तीन भागांना सलग तीन वर्षं ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार, २०१६, १७, १८. असं आधी कुणालाच जमलं नव्हतं.

हळदीकुंकू_नको

आणि पहिली दीडशे पानं कोण कुठे आहे हे मलाही जमलं नव्हतं.

बेडकाचीउडी

दीडशेनंतर जमलं ना? मग झालं.

सिनेमावेडा

'डिस्ट्रिक्ट ९' बघा कट्ट्यावर. जोहान्सबर्गवर अडकलेलं यान, खाली झोपडपट्टीत कोंडलेले परग्रहवासी. वर्णभेदाच्या काळात केपटाऊनमधला डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग रिकामा केला होता, त्यावरून नाव.

नैरोबीकर

बघा, पण नायजेरियन माणसाबरोबर बघू नका. सगळे नायजेरियन त्यात गुंड आणि नरभक्षक दाखवलेत. त्यांच्या सरकारनं थिएटरांतून तो काढायला लावला होता. मास्तरांनी सांगितलेलं 'लगून' हे त्याच रागातून सुरू झालेलं पुस्तक.

रानभूल

मला एक खटकतंय. इथे आलेली जवळजवळ सगळी पुस्तकं इंग्रजीतली. आफ्रिकेच्या भाषांत काही आहे की नाही?

गावठी_मास्तर

आहे तर. टुटुओलांच्याही आधी, १९३८ साली, डी. ओ. फागुन्वा यांनी योरुबात कादंबरी लिहिली. शिकारी, जंगल आणि त्यातली नाना भुतं. पुढे वोले शोयिंका यांनी ती १९६८ मध्ये इंग्रजीत आणली.

आणि गुगी वा थिओंगो. केनियाच्या तुरुंगात असताना ठरवलं की यापुढे कादंबरी किकुयूतच. पहिली तिथेच लिहिली, टॉयलेट पेपरवर. नंतरची 'विझर्ड ऑफ द क्रो' ही अवाढव्य कादंबरीही आधी किकुयूतच आली. एका कल्पित देशाचा हुकूमशहा स्वर्गापर्यंत इमारत बांधायला निघतो आणि त्यासाठी जागतिक बँकेकडे कर्ज मागतो. पुढे तो फुग्यासारखा फुगायलाच लागतो. नायक भारतात शिकून आलेला बेकार पदवीधर!

एक योगायोग मनातून जात नाही. २०२५ च्या मे महिन्यात, २० तारखेला नारळीकर सर गेले आणि २८ ला गुगी. एकानं 'कृष्णविवर' ही पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, ना. वि. जगताप. केंब्रिजहून आलेला माणूस मराठीतच लिहीन म्हणाला. दुसरा तुरुंगात बसून किकुयूत. दोघांच्या गोष्टींत काही साम्य नाही, पण हट्ट एकाच जातीचा.

रानभूल

मास्तर, हे वेगळ्या धाग्यात लिहा. वाचनखूण साठवली.

टिंबटिंब

वातावरण फार गंभीर झालंय, म्हणून झांबियाचा अवकाश कार्यक्रम. ही कादंबरी नाही, खरं आहे. १९६४, देश नुकताच स्वतंत्र. एडवर्ड मुकुका न्कोलोसो नावाचे शाळामास्तर जाहीर करतात की आम्ही अमेरिका-रशियाच्या आधी चंद्रावर पोचणार. प्रशिक्षण काय? उमेदवाराला तेलाच्या रिकाम्या पिंपात बसवून टेकडीवरून गडगडत सोडायचं, वजनरहित अवस्थेची सवय व्हावी म्हणून. सतरा वर्षांची मुलगी आणि मांजरं पाठवायचा बेत होता. युनेस्कोकडे सत्तर लाख पौंड मागितले. मिळाले नाहीत.

पद्माकाकू

मांजरं वाचली म्हणायची.

नैरोबीकर

टिंबटिंब, यावर हसणं सोपं आहे, त्या वेळी परदेशी पत्रकारही भरपूर हसले. पण न्कोलोसो इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात तुरुंगात गेलेले होते. नाम्वाली सर्पेल या झांबियन लेखिकेनं त्यांच्यावर मोठा लेख लिहिलाय आणि 'द ओल्ड ड्रिफ्ट' या कादंबरीत त्यांना पात्र केलंय. त्या पिंपांच्या आड दुसरं काही चाललं होतं का, आणि तो हसणाऱ्यांचीच थट्टा करत होता का, हा प्रश्न तिनं मोकळा सोडलाय.

तळटीप (धागाकर्ती)

बापरे, केवढा धागा झाला. मूळ प्रश्नावर येते, कारण काल कट्टा झाला.

यादी करकरून डोकं भंजाळलं, शेवटी बटलरबाईंचीच छोटी कथा दिली. 'ब्लडचाइल्ड', १९८४ ची, ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही पुरस्कार मिळालेली. परग्रहावर माणसं आश्रित म्हणून राहतात. तिथल्या कीटकासारख्या प्राण्यांना अंडी घालायला जिवंत शरीर लागतं. ती घालतात माणसांत, शक्यतो पुरुषांत. नायक गॅन, कोवळा पोरगा. त्याला निवडलेलं असतं आणि त्याच्यादेखत दुसऱ्या एका माणसाचं पोट फाडून अळ्या बाहेर काढाव्या लागतात. बाई अॅमेझॉनच्या जंगलात जाणार होत्या, तिथे कातडीखाली अंडी सोडणाऱ्या माशीची त्यांना भयंकर धास्ती, त्या धास्तीतून कथा सुटली. लोक हिला गुलामगिरीचं रूपक म्हणत, तर बाई म्हणायच्या नाही, ही पुरुषाच्या गरोदरपणाची गोष्ट आहे आणि प्रेमकथाही.

इंजिनियर काकांचा सकाळी साडेसहाला फोन. "यात विज्ञान आहे. मान्य. पण चहाआधी वाचायला नको होतं."

कट्ट्यावर पुरुषमंडळी एकदम चिडीचूप. नेहमी पहिली पंधरा मिनिटं बोलणारे जोशी सरसुद्धा. शेवटी आमच्यातल्या एक सिस्टर, चौतीस वर्षं लेबर रूममध्ये काढलेल्या, त्या म्हणाल्या, "वर्णन चोख आहे. फक्त भूल कमी पडली होती, ते त्या पेशंटच्या तोंडावरून कळतं." मग त्यांनी तालुक्याच्या ठिकाणच्या दोन-तीन रात्री सांगितल्या, वीज गेलेल्या. कथेवर चर्चा अशी झालीच नाही, पण दोन तास कुणी उठलं नाही.

पोहे तसेच राहिले. सगळ्यांना डब्यात भरून दिले.

शंकासूर

ती कथा कुठे मिळेल? व्यक्तिगत निरोप करा. आणि माशीचा फोटो टाकू नका कुणी, जेवायला बसतोय.

टिंबटिंब

[फोटो]

संपादक_मावशी

वरील प्रतिसादातील चित्र काढले आहे.